काचेच्या अंगाची मोटार

एका देखण्या मोटारीचा आकार चार्टर्ड अकाउंटंटने काढला, ही गोष्ट मला फार आवडते. आकड्यांत आयुष्य घालवणाऱ्या माणसाला रेषेतले काही कळत नाही, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. बँकेत तीसेक वर्षे काढून फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला तो समज पुष्कळदा ऐकून घ्यावा लागला. म्हणून पीटर कर्वन-टेलर हे नाव मी लक्षात ठेवले आहे. लंडनमध्ये हिशेबाच्या व्यवसायात असलेला हा गृहस्थ मोटारींचा नादी होता. कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणाने बनवलेली एक छोटी शर्यतीची गाडी त्याच्याकडे होती आणि तिच्यावर त्याने आपल्या कल्पनेप्रमाणे वेगळी बॉडी चढवून घेतली होती. पुढे चॅपमनला एक संपूर्ण बंदिस्त, रोज वापरता येईल अशी मोटार काढायची होती, तेव्हा तिची रेघ ओढायला त्याने याच हिशेबनिसाला बोलावले. ती मोटार ऑक्टोबर १९५७ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांनी पाहिली. तिचे नाव लोटस एलिट.

ती दिसायला सुंदर होतीच, पण तिची खरी नवलाई रंगाखाली दडली होती. या गाडीला चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडाच नव्हता. फायबरग्लासची मोटार त्याआधी अमेरिकेत निघाली होती. जनरल मोटर्सची कॉर्व्हेट १९५३ ची. पण तिथे पोलादी सांगाड्यावर फायबरचे कातडे चढवले होते. चॅपमनने सांगाडाच काढून टाकला आणि कातड्यालाच हाडांचे काम दिले. पुढे इंजिन पेलायला थोडे पोलाद आणि समोरच्या काचेभोवती एक पोलादी कमान, एवढे सोडले तर चाकांचा, माणसांचा, यंत्राचा सारा भार त्या काचेच्या अंगावर. विकण्यासाठी तयार झालेल्या मोटारींत असे पहिल्यांदाच घडत होते.

हा माणूस कोण होता? मोटारशर्यतींचे वेड असलेल्या घरांत त्याची ओळख सांगण्याची गरज नाही. आपली गाडी पहिली आली की धावपट्टीच्या कडेला येऊन डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकावणारा, बारीक मिशांचा तो इंग्रज. ज्यांना शर्यतींशी देणेघेणे नाही, त्यांच्यासाठी मात्र सुरुवातीपासून सांगितले पाहिजे.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाचा गुत्ता चालवीत. मुलगा युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकाम अभियांत्रिकी शिकू लागला, विद्यापीठाच्या हवाई तुकडीत विमान उडवायला शिकला आणि या दोन्हींबरोबर जुन्या मोटारी घेऊन विकण्याचा धंदाही करू लागला. युद्ध नुकतेच संपलेले. नव्या गाड्या मिळत नव्हत्या, जुन्यांना वाटेल तो भाव होता. पण १९४७ साली सरकारने खासगी मोटारींसाठीचे पेट्रोलचे रेशन बंद केले आणि जुन्या गाड्यांचा बाजार एका रात्रीत बसला. मिळेल त्या किमतीला माल फुंकून टाकल्यावर शेवटी एकच गाडी उरली. तिला गिऱ्हाईकच मिळेना. ती होती ऑस्टिन सेव्हन. आपल्याकडे जिला बेबी ऑस्टिन म्हणत, तीच ही. ७४७ सीसीचे इवलेसे इंजिन, उभट पेटीसारखी बॉडी, आणि वय वीस वर्षांच्या घरातले.

दुसऱ्या कोणी ती भंगारात दिली असती. याने तिची जुनी बॉडी उतरवली. प्रेयसी हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागे एक गॅरेज होते, तिथे बसून त्याने ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडची नवी बॉडी घडवली. विमानाच्या धडात आडवे पडदे घालून जसा ताठपणा आणतात, तसे पडदे घातले. म्हणजे बॉडी नुसती झाकण राहिली नाही, तिने खालच्या लवचिक सांगाड्याला आवळून धरले. कॉलेजात जे शिकत होता ते रात्री हातांनी करून पाहत होता. १९४८ साली ही गाडी तयार झाली, चिखलातल्या चढणींच्या शर्यतीत हेझलला शेजारी बसवून त्याने ती पळवली आणि तिला नाव दिले लोटस. लोटस म्हणजे कमळ. हे नाव का, ते त्याने अखेरपर्यंत कोणाला सांगितले नाही.

१ जानेवारी १९५२ रोजी कंपनी सुरू झाली. भांडवल पंचवीस पौंड, तेही हेझलकडून उसने घेतलेले. तारण नाही, जामीन नाही. शाखेत माझ्यापुढे असे प्रकरण आले असते तर मी अर्जदाराला चहा पाजून नम्रपणे परत पाठवले असते, आणि नियमाप्रमाणे तेच योग्य होते. कारखाना म्हणजे वडिलांच्या गुत्त्यामागचा जुना तबेला. १९५४ मध्ये दोघांचे लग्न झाले.

या सुरुवातीच्या वर्षांतच त्याचा एक गुण दिसू लागला. पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. चॅपमन नियमांचे पुस्तक एखाद्या मुरलेल्या वकिलासारखे वाचत असे. नियमात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहायचे राहून गेले आहे, तिकडे त्याचे लक्ष. ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून हवा-पेट्रोल आत येण्याची एकच वाट होती. १९५१ च्या गाडीत त्याने आत येणाऱ्या नळीत एक पातळ पडदा घालून त्या वाटेचे दोन भाग केले. गाडी इतकी पळू लागली की क्लबाला पुढे नवा नियम करून ती युक्ती बंद करावी लागली. तीच गोष्ट कराची. त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. चॅपमनने गाड्या सुट्या भागांत विकायला काढल्या. गिऱ्हाइकाने खोकी घरी न्यावीत आणि मित्रांच्या मदतीने गाडी जोडावी. ते दिवसच तसे होते. ऐपत नसलेले, पण हात चालणारे शेकडो तरुण जुन्या ऑस्टिनची किंवा फोर्डची बॉडी फेकून देऊन तिच्यावर विकत मिळणारे फायबरग्लासचे कवच बसवीत. फाल्कन, ॲशली असे कवच विकणारे छोटे कारखाने निघाले होते. घरामागच्या गॅरेजात म्हातारी बेबी ऑस्टिन आठवड्याभरात शर्यतीच्या गाडीसारखी दिसू लागे. पळायची मात्र पूर्वीइतकीच.

हे फायबरग्लास म्हणजे आहे तरी काय? बँकेत असताना औद्योगिक वसाहतींतल्या फायबरच्या कारखान्यांच्या तपासणीला मी अनेकदा गेलो आहे. शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी त्याचा वास नाकात शिरतो आणि घरी जाऊन आंघोळ केली तरी मनगटांची खाज दोन दिवस जात नाही. वितळलेल्या काचेचे केसाहून बारीक धागे काढतात, त्यांची चटईसारखी मॅट करतात आणि ती रेझिनमध्ये भिजवून साच्यात बसवतात. रेझिनमध्ये हार्डनर घातला की ते आपोआप तापते आणि घट्ट होते. काच एकटी ठिसूळ, रेझिन एकटे लेचेपेचे, पण दोघांची गाठ पडली की वजनाच्या मानाने विलक्षण बळकट चीज तयार होते.

मोटारीचा एखादा भाग असा करायचा तर आधी त्याचा हुबेहूब पॅटर्न लागतो. माती, प्लास्टर, लाकूड, काहीही चालते, पण तो घासून आरशासारखा गुळगुळीत करावा लागतो, कारण पॅटर्नवरचा ओरखडा थेट गाडीवर उतरतो. त्यावर मेणाचे हात द्यायचे आणि वरून फायबरचे थर देऊन उलटा साचा काढायचा. साचा सुटला की त्याच्या आतल्या अंगाला पुन्हा मेण, मग जेलकोटचा पातळ थर, म्हणजे जो पुढे बाहेरून दिसणार तो, आणि तो अर्धवट सुकला की मॅट आणि रेझिन, मॅट आणि रेझिन. प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. सगळी मेहनत इथे असते. एक बुडबुडा राहिला की तिथे पुढे तडा ठरलेला. हार्डनर जास्त पडला तर भाग वाकडा होतो, कमी पडला तर चिकटच राहतो. पत्र्याची बॉडी दाबून काढायला अवाढव्य प्रेस आणि पोलादी डाय लागतात, त्यांचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला तरच परवडतो. फायबरला शेड, साचा आणि चार कुशल माणसे पुरतात. चॅपमनसारख्या थोड्या गाड्या विकणाऱ्याला हे वरदानच होते.

तपासणी अधिकारी म्हणून मला मात्र या मालाची एक अडचण नेहमी जाणवे. रेझिनची पिंपे मोजता येतात, मॅटचे गठ्ठे मोजता येतात. पण तयार मालाकडे बाहेरून पाहून आत तीन थर आहेत की पाच, ते सांगता येत नाही. ते करणाऱ्याला ठाऊक असते.

एलिटच्या पॅटर्नवर काम करायला फोर्ड कंपनीत नोकरी करणारे जॉन फ्रेलिंग आणि रॉन हिकमन फावल्या वेळात येत. हवा कशी कापावी याचा सल्ला विमानांच्या कारखान्यातला फ्रँक कॉस्टिन देई. अंग मुख्यतः तीन भागांत साच्यातून निघे. तळ, ज्यावर सगळा भार तो मधला भाग, आणि वरचे सलग कवच. ते एकमेकांना चिकटवले की आत पोकळ पेट्या तयार होत आणि त्या पेट्यांमुळे गाडी ताठ राही. सुरुवातीच्या बॉड्या होड्या बनवणाऱ्या एका कंपनीने केल्या, नंतरच्या ब्रिस्टल या विमान कंपनीच्या प्लास्टिक विभागाने. गाडीचे वजन पाचशे किलोच्या थोडे वर भरले. मारुती ८०० हून ती हलकी होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

१९५८ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ब्रँड्स हॅचला एलिट गाड्यांची एक झुंज झाली. एका गाडीत स्वतः चॅपमन, दुसरीत स्कॉटलंडचा एक बुजरा शेतकरी तरुण. तरुण पुढे होता, पण ऐन वेळी दुसऱ्या कोणाची तरी गाडी गिरकी घेऊन आडवी आली आणि चॅपमन निसटता जिंकला. तो तरुण होता जिम क्लार्क. दोघांच्या जोडीने पुढे १९६३ आणि १९६५ अशी दोनदा जगज्जेतेपदे आणली. ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एलिट आपल्या गटात सहा वेळा पहिली आली.

आणि व्यवहार? तो आतबट्ट्याचा. एलिट विकत घेणाऱ्यांना तक्रारीला जागा होती. इंजिन आणि मागचे गिअर थेट त्या पोकळ अंगाला जोडलेले असल्याने गाडी डग्ग्यासारखी घुमे, खिडकीच्या काचा खाली सरकत नसत, त्या काढून ठेवाव्या लागत. हे सगळे रसिक सहन करीत. पण बाहेरून करून घेतलेल्या बॉड्यांचा खर्च अंदाजापलीकडे गेला होता. दर गाडीमागे कंपनीला शंभरेक पौंडांचा खड्डा पडत होता, असे मानले जाते. गाड्या निघाल्या हजाराच्या थोड्या वर. जितक्या जास्त विकाल तितके जास्त बुडाल, अशी प्रकरणे मी पाहिली आहेत आणि त्यांचे मालक बहुधा फार कल्पक असतात. चॅपमनला सावरले ते १९६२ च्या इलान गाडीने. तिच्या पोटात त्याने निमूटपणे पोलादी पत्र्याचा कणा घातला. हा कणा मुळात नुसत्या चाचणीसाठी चटकन केलेला होता. तो इतका ताठ आणि स्वस्त निघाला की तोच ठेवला.

शर्यतींतली त्याची कमाई एका लेखात मावणारी नाही. उत्पादकांची सात जगज्जेतेपदे त्याच्या हयातीत लोटसकडे आली. १९६८ मध्ये त्याने गाड्या सिगारेट कंपनीच्या रंगांत रंगवल्या आणि शर्यतींचे अर्थकारण कायमचे बदलले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गाडीचे पोटच उलट्या पंखासारखे करून हवेकडून तिला जमिनीवर दाबून घेतले. हे सारे नियमांच्या दोन ओळींमधल्या जागेत.

पण वजन कमी करण्याच्या या ध्यासाची दुसरी बाजू आहे आणि ती मला टाळता येत नाही. प्रत्येक भाग शर्यत संपेपर्यंत टिकण्याइतकाच जाड असावा, असा त्याचा कल. लोटसची चाके निखळत, दांडे तुटत. १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे सरावात स्टर्लिंग मॉसच्या गाडीचे चाक निघाले आणि त्याचे पाय मोडले, त्याच दिवशी माइक टेलरच्या लोटसचे स्टिअरिंग तुटले आणि त्याची कारकीर्द संपली. १९६८ च्या एप्रिलमध्ये जर्मनीत हॉकेनहाइमला जिम क्लार्क गेला. तिथे दोष बहुधा टायरचा होता, पण चॅपमन आतून मोडला. जोखेन रिंट या ऑस्ट्रियन चालकाने १९६९ मध्ये त्याला पत्र लिहून बजावले होते की, ज्या गाडीवर विश्वास आहे तीच मी चालवू शकतो. पुढच्या वर्षी मोंझाला ब्रेकचा दांडा तुटून रिंट मेला आणि त्या मोसमाचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. एवढे होऊनही चालक त्याच्याकडे येतच राहिले, कारण त्याची गाडी जिंकत होती. त्यांची संमती होती हे खरे. तरीही किती थर कमी केले, हे करणाराच जाणत होता.

आता शेवटचे प्रकरण. बॅक टू द फ्यूचर या १९८५ च्या चित्रपटातली, पंखांसारखी दारे वर उघडणारी चंदेरी गाडी घरोघरच्या मुलांनी पाहिली आहे. ती डीलोरियन. वरचे कातडे पोलादाचे, खाली अंग फायबरचे. जनरल मोटर्समधून बाहेर पडलेल्या जॉन डीलोरियनला गाडी काढायची होती आणि ब्रिटिश सरकारला बेलफास्टमध्ये रोजगार हवा होता. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या रक्तपाताने ते शहर पोळले होते. कारखाना डनमरी येथे दोन्ही वस्त्यांच्या मधोमध उभा राहिला, दोन बाजूंना दोन फाटके. आत मात्र दोघे एकाच पट्ट्यावर काम करीत. गाडी रस्त्यावर आणण्याजोगी करण्याचे काम १९७८ मध्ये चॅपमनच्या लोटसला मिळाले. त्याने आपली नवी पद्धत वापरली. दोन साच्यांमध्ये कोरडी मॅट ठेवायची आणि निर्वाताच्या ओढीने रेझिन आत खेचून घ्यायचे, म्हणजे रोलर फिरवणाऱ्या हातावर काही अवलंबून राहत नाही.

त्या कामाचे सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर लोटसच्या इंग्लंडमधल्या खात्यात न जाता जीपीडी नावाच्या कंपनीला गेले. ती पनामात नोंदलेली, पत्ता जिनिव्हाचा, तोही टपालपेटीचा. नॉरफोकमध्ये होणाऱ्या कामाचे पैसे पनामामार्गे का जावेत, हा प्रश्न कोणत्याही शाखेतल्या कनिष्ठ अधिकाऱ्याला सुचला असता. तो विचारला गेला तेव्हा उशीर झाला होता. फेब्रुवारी १९८२ मध्ये डीलोरियनची कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. सरकारचे पावणेआठ कोटी पौंडांच्या घरातले पैसे अडकले आणि दोन्ही फाटकांतून आत येणारी अडीच हजार माणसे एकेक करून घरी बसली. मला या सगळ्या कहाणीत तीच दोन फाटके सर्वांत जास्त आठवतात.

१६ डिसेंबर १९८२ च्या पहाटे, पॅरिसहून बैठक आटोपून परतल्यावर, नॉरफोकमधल्या आपल्या घरी चॅपमन हृदयविकाराने वारला. वय ५४. तो मेलाच नाही, दक्षिण अमेरिकेत लपला आहे, असल्या वावड्या पुढे बरीच वर्षे उठत राहिल्या. १९९२ मध्ये त्याचा जुना अर्थप्रमुख फ्रेड बुशेल याला बेलफास्टच्या न्यायालयाने तीन वर्षांची कैद आणि जबर दंड सुनावला. चॅपमन जिवंत असता तर त्याला किमान दहा वर्षे दिली असती, असे न्यायाधीशांनी नमूद केले. मेलेल्या माणसाला बाजू मांडता येत नाही, हे मी मान्य करतो. पण खतावणीत पैसे कोठून निघाले आणि कोठे गेले हे लिहिलेले होते. त्याच्या कल्पकतेपुढे मी नेहमीच मान तुकवीन. त्या पैशांचे समर्थन मात्र मला करता येणार नाही. नियमांतली मोकळी जागा हुडकणे आणि दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेला पैसा वळवणे यांत फरक आहे. तो त्याला कळत नव्हता असे मला वाटत नाही.

प्लायवूडची ती पहिली गाडी त्याने १९५० मध्येच विकली होती. तिचा आजवर पत्ता नाही. एलिट मात्र बऱ्याच शिल्लक आहेत, कारण फायबर गंजत नाही. एखादीचे नाक ठोकरले गेले आणि तसा भाग कोठे मिळेना, तर हौशी मालक धडक्या एलिटच्या मालकाला गळ घालतो, तिच्या नाकावर मेण लावून साचा काढून घेतो आणि त्यातून नवे नाक घडवतो. मग तुटलेल्या जागेच्या कडा बोटभर रुंद तिरप्या घासायच्या, नव्या भागाच्या तशाच उलट बाजूने घासायच्या, आणि आतून एकेक थर मॅट चढवत दोन्ही सांधायचे. घाई करून चालत नाही. एक थर धरला की मगच दुसरा.